उंच वाटेवरची उंच गाडी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे फेब्रुवारीपासून रंगू लागतात आणि मे महिना सरता सरता ओसरतात. जून उजाडला की अडत दुकानांतील गर्दी विरळ होते, गोदामांच्या पत्र्यांची डागडुजी निघते आणि हमालही गावाकडे पेरणीला जाऊन येतात. पुढे आषाढात चातुर्मास बसला की नेमधर्म पाळणारी कुटुंबे दूरचा प्रवास टाळतात. हंगाम आणि चातुर्मास यांच्यामधल्या या दोन-तीन आठवड्यांत यार्डातील अनेक घरे यात्रेला निघतात. कोणी सम्मेदशिखरजीला जाते, कोणी श्रवणबेळगोळला. त्याच अवधीत येथील एका हळद व्यापाऱ्याने मनालीहून लेहपर्यंतचा रस्ता मोटारसायकलवरून पार केला. त्यांना घरात आणि बाजारात सारे आप्पा म्हणतात. वय ५४, उंची ५ फूट २ इंच, वजन ५८ किलो. गाडीचे वजन १९९ किलो, तेही सामान न लादता.

गाडी त्यांची नव्हती, थोरल्या बंधूंची होती. दादा उंचेपुरे, ५ फूट ११ इंचांचे. तीस वर्षे त्यांनी बुलेट चालविली. साठी उलटल्यावर त्यांनी हिमालयन घेतली ती एकच बेत मनात धरून. दुसऱ्याच वर्षी त्यांची बायपास झाली आणि डॉक्टरांनी उंच प्रदेशात जाण्यास कायमची मनाई केली. गाडी गोदामात पोत्यांच्या थप्पीशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. दर रविवारी दादा मुलाकडून ती सुरू करून घेत, दहा मिनिटे इंजिनाचा आवाज ऐकत आणि पुन्हा ताडपत्री ओढायला लावत. वहिनींनी ती विकून टाकावी असे दोनदा सुचविले. दादा ऐकून न ऐकल्यासारखे करीत. अशाच एका रविवारी ते धाकट्या भावाला म्हणाले, "आप्पा, तू घेऊन जा. माझा पोरगा त्याच्या गाडीवर बरोबर येईल. पण ही तू चालव."

आप्पांनी आयुष्यभर लूना आणि स्कूटर यांपलीकडे काही चालविले नव्हते. त्यांच्या उंचीवरून बाजारात होणाऱ्या थट्टेला ते स्वतःही हसत. नाही म्हणणे सोपे होते. परंतु दादांचा शब्द त्यांनी व्यवहारात कधी मोडला नव्हता, आणि हा तर व्यवहारही नव्हता.

आकड्यांवर पाहता अडचण फार मोठी वाटत नाही. रोजच्या वापरातील शंभर सीसी मोटारसायकलची बैठक जमिनीपासून ७८५ मिलिमीटरच्या आसपास असते. दादांच्या हिमालयनची ८०० मिलिमीटर. म्हणजे फरक दीड सेंटिमीटरचा. खरी गोष्ट या आकड्यात येत नाही. बैठक रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली जाण्याऐवजी तिरपा जातो. तेवढ्यात दोन-तीन सेंटिमीटर हरवतात. शिवाय अशा गाडीची पुढची-मागची स्प्रिंग लांब पल्ल्याची असते. ऐंशी किलोचा माणूस बसला की गाडी चांगली दबते, अठ्ठावन्न किलोचा बसला की जेमतेम. पेट्रोलची १५ लिटरची टाकी उंचावर असल्याने ती भरली की दहा-अकरा किलो वजन स्वाराच्या छातीजवळ येते. उभ्या गाडीवर आप्पांच्या दोन्ही पायांच्या केवळ चवड्यांची टोके जमिनीला लागत. एका अंगाला सरकून बसले तर एक पाऊल पूर्ण टेकत असे, पण मग दुसरे अधांतरी राही.

गाडी इतकी उंच का करतात, याचेही कारण रस्त्यातच आहे. तिच्या पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा ठेवलेली असते, ती दगडधोंड्यांवरून आणि पाण्यातून जाण्यासाठी. मागच्या शॉकअपची कडी बदलून गाडी खाली बसविता येते. सांगलीतल्या एका मेकॅनिकने तसे सुचविलेही. पण मग पोटाखालची जागा कमी होते आणि साइड स्टँड तुलनेने लांब पडून गाडी सरळ उभी राहू लागते, म्हणजे उजवीकडे कलंडण्याची भीती. शिवाय ज्या कामासाठी गाडी घ्यायची तेच काम तिच्याकडून काढून घ्यायचे, हा व्यवहार आप्पांना पटला नाही.

दुसरा उपाय सीटचा फोम कापून घेण्याचा. हा सर्वांत सोपा, स्वस्त आणि खात्रीचा. कुशनवाला तासाभरात करून देतो. परंतु आप्पांनी तो विषय काढलाच नाही. सीट कापली की ती दादांच्या मापाची राहणार नव्हती. त्यांनी स्वतःची सोय बुटांत केली. घरात चामडे वापरीत नाहीत; म्हणून त्यांनी रबर आणि कापडाचे उंच बूट आणले आणि चांभाराकडून त्यांच्या तळाला दीड सेंटिमीटर रबर डकवून घेतले. त्यामुळे डाव्या पायाला गिअरचा दांडा नीट कळेना, बोटाने चाचपडावे लागे. पण ते सवयीने सुटले.

सराव यार्डातच सुरू झाला, रविवारी सकाळी, सौदे नसताना. दादा दुकानाच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सूचना करीत. "क्लच हळू सोड. पुढे बघ. थांबताना पाय टेकव." पहिल्या दोन सूचना उत्तम होत्या. तिसरी मात्र उंच माणसाची होती. दादांनी तीस वर्षांत जिथे जिथे गाडी डळमळली तिथे तिथे पाय खाली सोडला आणि जमीन प्रत्येक वेळी त्यांना भेटली. आप्पांनी पाय सोडला तेव्हा जमीन चार बोटे खाली होती. तेवढ्या अंतरात गाडी कलली, आणि एकदा कललेली दोनशे किलोंची गाडी कोणाच्याही पायाने सावरत नाही.

ती नेहमी डावीकडेच का पडते, हे त्यांना तिसऱ्या रविवारी उमगले. आपल्याकडे वाहन डाव्या बाजूने चालते आणि पाणी गटारात जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार दिलेला असतो. स्वार सवयीने डाव्या कडेला थांबतो, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवतो आणि डावा टेकतो. म्हणजे नेमका उताराच्या बाजूचा. उंच माणसाला हा उतार जाणवतही नाही. आप्पांनी दुसऱ्या दिवशी यार्डातील काँक्रीट एखाद्या जमीन मोजणाऱ्याच्या नजरेने पाहिले. कुठे फुगवटा आहे, कुठे खळगा, कुठे गटाराकडे घसरण. चाक खोलगट जागी आणि पाऊल उंचवट्यावर पडेल असे थांबले तर दोन-तीन इंच सहज मिळतात, हे त्यांनी करून पाहिले. तेव्हापासून 'कुठे थांबायचे' हे गाडी चालत असतानाच, वीस-पंचवीस हात आधी ठरवायचे आणि तिथपर्यंत हँडल सरळ ठेवून मागच्या ब्रेकने हळूहळू यायचे, असा त्यांचा परिपाठ झाला. अगदी शेवटच्या हातभर अंतरात, वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक आवळला की गाडी आडवी झालीच म्हणून समजावे.

चढण्याची रीतही त्यांनी बदलली. दादा पाय मागून फिरवून बसत. मागे सामान बांधल्यावर आप्पांचा पाय त्यावरून जाईना. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर, हँडल डावीकडे वळवून उभी ठेवायची, डाव्या हाताने हँडल धरायचे, उजवा गुडघा दुमडून आधी सीटवर सरकवायचा आणि मग पाऊल पलीकडे न्यायचे, अशी पद्धत बसविली. पाहणाऱ्याला ती डौलदार वाटत नाही. बसल्यावर गाडी उजवीकडे ढकलून सरळ करायची, उजवा चवडा टेकवून डाव्या टाचेने स्टँड वर घ्यायचा. हा एक क्षण सगळ्यांत नाजूक असतो. म्हणून गाडी लावतानाच उजवीकडे किंचित उंच जमीन असेल अशी जागा पाहायची. उतारावर तोंड खाली करून भिंतीशी गाडी कधीही लावायची नाही, कारण बसल्या बसल्या पायांनी ती मागे रेटणे बुटक्या माणसाला शक्य नसते. उतरून ढकलावे लागते.

पडलेली गाडी उचलण्याचे शिक्षण मात्र दादांकडून नव्हे, यार्डातील एका वृद्ध हमालाकडून मिळाले. आप्पा वाकून हँडल ओढीत होते. हमाल म्हणाला, "आप्पा, पोतं असं कोण उचलतं का? पाठ द्या त्याला. मांडीनं उठा." गाडीकडे पाठ करून खाली बसायचे, एका हाताने हँडलचे खालचे टोक आणि दुसऱ्याने सीटखालची नळी धरायची, पाठ ताठ ठेवायची आणि टाचांनी जमीन रेटत लहान लहान पावले मागे टाकायची. इंजिन आधी बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उठलेली गाडी पलीकडे जात नाही. शंभर किलोंचे पोते पेलणाऱ्या त्या माणसाची उंची आप्पांपेक्षा काही जास्त नव्हती.

मे महिन्याच्या अखेरीस ते एका पहाटे एकटेच कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन आले. डोंगरपायथ्याशी उभी असलेली २८ फुटांची संगमरवरी मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठापित झाली. आप्पा लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ती पाहत. दर्शन घेऊन ते परतले तेव्हा दादा दारातच उभे होते. गाडीवर ओरखडा नाही हे त्यांनी फिरून पाहिले आणि काही न बोलता आत गेले.

गाड्या मिरजेहून रेल्वेच्या पार्सल डब्यातून निजामुद्दीनला गेल्या. टाकीतले पेट्रोल रिकामे करून, गोणपाटात बांधून. दिल्ली ते मनाली हा प्रवास उकाड्याचा आणि ट्रकांच्या गर्दीचा. त्यात सांगण्यासारखे फार नाही. मनाली सोडल्यावर रोहतांग खिंडीखालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो वाहतुकीस खुला झाला. पूर्वी ३९७८ मीटर उंचीची खिंड ओलांडण्यात जो अर्धा दिवस जाई तो आता वाचतो. देवदारांच्या हिरव्या दरीतून बोगद्यात शिरावे आणि पलीकडे लाहौलच्या उघड्या, करड्या डोंगरांत बाहेर पडावे, असा हा बदल आहे. पुढे टांडीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो आणि तिथेच पेट्रोलपंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. पुतण्याने पेट्रोलचे डबे सीटमागे उंचावर बांधले होते. आप्पांनी ते सोडवून चाकाजवळ, जितके खाली जातील तितके खाली बांधायला लावले. उंचावरचा एक किलो त्यांना खालच्या तीन किलोंसारखा वाटत असे.

जिस्पाला दोन रात्री मुक्काम झाला, शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. ही दोन दिवसांची घाई अनेक तरुण करतात आणि पुढे सरचूला डोके धरून बसतात. जिस्पाच्या पुढे मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. दादांचा शेवटचा फोन तिथेच आला. "नाल्यात थांबायचं नाही. आणि अडचण आली तर पाय टेकव." आप्पा "हो" म्हणाले.

या रस्त्यावरचे नाले म्हणजे वरच्या बर्फाचे वितळलेले पाणी. पहाटे ते घोट्याएवढे असते आणि ऊन चढले की गुडघ्यापर्यंत येते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून लवकर निजणाऱ्या आणि पहाटे उठणाऱ्या माणसाला ही शिस्त वेगळी शिकावी लागत नाही. पण त्या दिवशी दारचाच्या पुढे एक ट्रक बंद पडून रस्ता तीन तास अडला आणि झिंगझिंगबारच्या पट्ट्यातील नाल्यावर पोहोचेपर्यंत दुपार झाली. पाणी पांढरे, गढूळ, तळ न दिसणारे. पुतण्या पार झाला. आप्पा मध्यावर असताना समोरून एक जीप नाल्यात उतरली आणि वाट अडून उभी राहिली.

थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि जागा निवडायला वेळ नव्हता. आप्पांनी पाय टेकला. खाली गोटा होता, गोट्यावरून बूट घसरला आणि गाडी डावीकडे पाण्यात बसली. त्यांनी इंजिन बंद करण्याचे लाल बटण दाबले, एवढे भान राहिले. रस्ते बांधणारे झारखंडचे तीन मजूर काठावर दगड फोडीत होते. ते धावत आले. चौघांनी मिळून गाडी उभी केली आणि ढकलत काठाला नेली. बुटांत बर्फाचे पाणी भरले होते. मजुरांनी पैसे घेतले नाहीत. खाकरे मात्र हसत हसत घेतले. गाडी अर्ध्या तासाने सुरू झाली. पुतण्या म्हणाला, "काका, इथून मागे फिरू या. बाबा काही म्हणणार नाहीत." आप्पा मोजे पिळत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "जीप पलीकडच्या काठाला दिसत होती. मी नाल्यात उतरायलाच नको होतं. थांबायचं होतं ते अलीकडे."

बारालाचा खिंड समुद्रसपाटीपासून ४८०० मीटरहून उंच. जूनमध्ये रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती असतात आणि मधून वितळते पाणी वाहत असते. ट्रकांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात व मध्ये चिखलाचा उंचवटा. इतर स्वार त्या चाकोऱ्यांना शिव्या देत होते. आप्पांना त्याच उपयोगी पडल्या. गाडीचे चाक डाव्या चाकोरीत आणि उजवे पाऊल मधल्या उंचवट्यावर ठेवून ते रांगेत निर्धास्त उभे राहिले; या सबंध प्रवासात दोन्ही गुडघे किंचित वाकवून बसता आले ते याच ठिकाणी. ब्रेकचे काम तेवढ्यापुरते पुढच्या हाताकडे, हँडल मात्र काटेकोर सरळ. पुढे सुकलेल्या रस्त्यावर त्यांनी सीमा सडक संघटनेचे किलोमीटरचे दगड हेरून ठेवले. दगडाशेजारी गाडी नेऊन त्यावर पाय टेकायचा, पाणी प्यायचे, आणि निघायचे. पुतण्याला सुरुवातीला वाटले की काका अंतर मोजत आहेत.

सरचू ४२०० मीटरहून अधिक उंचीवरचे सपाट मैदान आहे. इमारत अशी नाही, तंबूच आहेत. तंबूवाल्या बाईंनी राजमा-भात विचारला. कांदा-बटाटा-लसूण चालत नाही म्हटल्यावर तिने नुसता भात आणि तूप दिले. डाळ मागण्यात अर्थ नव्हता, कारण त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते आणि कुकरशिवाय डाळ शिजत नाही. बरोबर दशम्या, मेतकूट आणि सुका मेवा होता. सूर्य मावळण्याआधी जेवण झाले. जूनमध्ये तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, ही मोठी सोय. रात्री डोके ठणकले. झोप लागली ती अर्धीमुर्धी.

पहाटे तंबूबाहेर आले तो गाडी आडवी. साइड स्टँड भुसभुशीत मातीत रुतला होता. यार्डातील काँक्रीटने ही गोष्ट कधी शिकविली नव्हती. पुतण्या धावला. आप्पांनी हाताने त्याला थांबविले, पलीकडच्या बाजूला उभे राहायला सांगितले, सामान सोडले आणि गाडीकडे पाठ करून खाली बसले. पहिल्या प्रयत्नात गाडी हलली नाही. त्या हवेत चार पावले चालल्यावर धाप लागते; त्यांनी बसल्या बसल्या पंचवीस श्वास मोजले. नमोकार म्हणून झाला. मग टाचा रोवून पुन्हा मागे रेटले. गाडी उठली. अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल मातीत गेले होते आणि डावा आरसा तुटला होता. त्या दिवसापासून स्टँडखाली ठेवायला तंबूवालीने दिलेला डब्याच्या झाकणाचा पत्रा त्यांनी खिशात बाळगला. आज तो दुकानातील गल्ल्यात आहे.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स, डोंगराच्या एकाच अंगावर एकावर एक रचलेली २१ वळणे. चढावरचे डावे वळण बुटक्या स्वाराला सगळ्यांत वाईट, कारण रस्ता आतल्या, म्हणजे डाव्या अंगाला खाली कललेला असतो. तिथे थांबले तर डाव्या पायाखाली जमीनच नसते. आप्पा प्रत्येक वळणाच्या अलीकडे सरळ पट्ट्यात वर नजर टाकीत. ट्रक उतरताना दिसला की तिथेच थांबून त्याला जाऊ देत, मग अर्धा क्लच आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब ठेवून, मान वळणाच्या दुसऱ्या टोकाकडे फिरवून, न थांबता वर जात. मागून भोंगे वाजत. सहा फुटी तरुण हात दाखवीत पुढे निघून जात आणि वळणाच्या पोटात ट्रकसमोर पाय टेकून आरामात उभे राहत. प्रत्येकाचा रस्ता एकच असला तरी थांबे एक नव्हते. २१ वळणांना एक तास गेला. आप्पांचा पाय एकदाही वळणात खाली आला नाही.

पांगला दुपारच्या आधी भात-दही झाले आणि त्यानंतर मोरे मैदान लागले. सुमारे चाळीस किलोमीटर सपाट, सरळ रस्ता; दोन्ही बाजूंना पिवळे-तांबूस डोंगर, मध्ये पश्मिना शेळ्यांचे कळप आणि त्यांच्यामागे चांगपा मेंढपाळ. दादांनी ज्या रस्त्याचे चित्र वर्तमानपत्रातून कापून दुकानातील कॅलेंडरमागे खोचून ठेवले होते तो हाच. पुतण्याला ते ठाऊक नव्हते. आप्पा इथे हवेत तरंगल्यासारखे चालले. धावत्या गाडीला स्वाराच्या उंचीशी काही देणेघेणे नसते. तीस-चाळीसच्या वेगात ती आपली आपण सरळ राहते. मैदानाच्या मध्यावर त्यांनी एक किलोमीटरचा दगड पाहिला, तिथे थांबले आणि पुतण्याकडून दादांच्या गाडीचा फोटो काढून घेतला. त्या फोटोत ते स्वतः नाहीत.

तंगलांग खिंड ५३२८ मीटर. वर पाटी, पताका आणि वारा; कोणीही तिथे दहा मिनिटांहून अधिक थांबू नये. खाली रुमत्सेची हिरवी शेते दिसली आणि उपशीला सिंधू नदी. कारूच्या अलीकडे मोबाइल वाजू लागला. लेहला पोहोचले तेव्हा सहा वाजले होते. जेवण आधी झाले, मग आप्पांनी सांगलीला फोन लावला.

दादांनी रस्ता कसा होता हे विचारले नाही. "किती वेळा पडली?"

"दोनदा, दादा. एकदा नाल्यात, एकदा उभी असताना. डावा आरसा गेला."

"पाय टेकला नव्हतास?"

"टेकला, म्हणूनच पडली." आप्पा थोडे थांबले. चाळीस वर्षांत त्यांनी दादांना असे काही सांगितले नव्हते. "तुमचा पाय पोचतो, दादा. माझा नाही पोचत. मी जागा बघून थांबतो."

पलीकडून बराच वेळ काही आले नाही. नंतर वहिनींचा आवाज आला. त्या आरशाची किंमत विचारीत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही पडली नाही. चातुर्मास बसायला पाच दिवस असताना गाड्या मिरज स्थानकावर उतरल्या. आप्पा यार्डात शिरले तेव्हा दारात दादांची प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि शेजारी स्टुलावर कुशनवाला बसला होता, हत्यारांची पिशवी घेऊन. दादांनीच त्याला बोलावून ठेवले होते. त्यांनी पुतण्याला सीट काढायला लावली, ती गुडघ्यांवर घेतली आणि खिशातून सौद्याच्या पोत्यांवर खुणा करायचा खडू काढला. फोमच्या पुढच्या भागावर त्यांनी एक रेघ ओढली, जराशी पुसून आणखी खाली ओढली.

"इथून दीड इंच काढ," ते कुशनवाल्याला म्हणाले. "आणि दोन्ही कडांनी निमुळती कर. नुसती उंची कमी करून भागत नाही, मांड्या आत आल्या पाहिजेत."